आजीचा फासा

महाल, नागपूर
मारबतीचा दिवस

प्रिय सुध्या,

अचलपूरच्या सुलतानास देवगिरीच्या किल्लेदाराचा दंडवत. दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, दोनदा फोन आला तो घेतला नाही, मेसेजला नुसता अंगठा दाखवला, तोही दोन्ही अर्थांनी. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण पत्र वाचून झाल्यावर. तोवर कोणी कोणाला घालायच्या हे बदललेलं असेल.

तब्येती म्हणशील तर आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच. झालं.

सकाळपासून गल्लीत कान ठेवता येत नाही. पिवळी मारबत आत्ताच पुढे गेली, मागून बडग्यांची रांग आहे, आणि पोट्टे घसा फाडून 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' करून राह्यले. त्या गलक्यात माडीवर दार लावून बसलो आहे. फोन केला असता तर तू हसून उडवलं असतंस. हसून उडवणं तुला फार चांगलं जमतं, हे मला गेल्या रविवारी कळलं.

झालं असं, की तान्ह्या पोळ्यासाठी चिऊला नंदी हवा होता. बाजारातला नको, मामाचाच हवा. म्हणून माळ्यावरची ट्रंक काढली, आपल्या देवगिरीच्या वेढ्याच्या खेळाची. आपले दोन्ही नंदी निघाले. माझ्याचं एक चाक गेलंय. तुझ्याच्या तोंडावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची सोंड अजून आहे, खिळ्यासकट. यादवांचे हत्ती! चिऊनं विचारलं, बैलाला सोंड काहून? मी म्हटलं, युद्धात लागते. तिला ते पटलं. पाध्ये सरांना पटलं नव्हतं.

नंद्यांखाली पुठ्ठ्याचा किल्ला, तुझं दगड फेकायचं मंजनीक (आइस्क्रीमच्या काड्या, रबर आणि आईच्या सांडशीचा स्क्रू), वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुझे तुर्की स्वार आणि एकदम तळाशी तो कुंकवाचा करंडा. आजीच्या फाशाचा.

ओजसला तू शेवटचा पाहिलास तेव्हा तो टेबलाखाली बसून पडलेले शिपाई गोळा करायचा. आता अकरावीत आहे. घरी थ्रीडी प्रिंटर घेतलाय, रेझिनचा. रात्री शिपाई छापायचे, मग अल्कोहोलमध्ये खंगाळायचे, मग निळ्या दिव्याखाली कडक करायचे. वासानं ताई वैतागली आहे. पण काय बारीक काम निघतं, सुध्या! 28 मिलिमीटरचा माणूस, आणि त्याच्या ढालीवरच्या खिळ्यांची टोपणं मोजता येतात. आपण प्लास्टिकच्या अमेरिकन शिपायांच्या बंदुका ब्लेडनं कापून भाले करायचो ते आठवलं की हसू येतं. ओजसनं लासूरच्या घाटात अलाउद्दीनला अडवणारा यादवांचा सरदार कान्हा छापला आहे आणि त्याच्या बाजूनं लढलेल्या त्या दोघी बायकाही. मला विचारतो, मामा, यांच्या लुगड्याला रंग कोणता देऊ? आता हेमाडपंती देवळांच्या काळ्या दगडातून मी रंग कुठून शोधून देऊ?

तर त्यानं करंडा उघडला, फासा हातात घेतला, दोन बोटांत धरून फिरवला, आणि म्हणाला, "मामा, समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला पाहिजे ना?"

मी म्हटलं, येतेच.

"दोनसमोर पाच. तीनसमोर चार. आणि सहासमोर सहा."

सुध्या, सहासमोर सहा. जवळजवळ तीस वर्षं तो फासा माझ्या माळ्यावर आहे. त्यावर 'एक' नाहीच!

आणि आपल्या कोणाच्या लक्षात आलं नाही, याचं कारणही पोट्ट्यानंच सांगितलं. समोरासमोरच्या दोन बाजू एका वेळी दिसतच नाहीत. कुठूनही बघ, सहा एकदाच दिसतो, दुसरा जमिनीकडे तोंड करून बसलेला. आम्ही फरशीवर तो शंभर वेळा टाकला, ओजसनं वहीत काड्या मारल्या. सहा आला पस्तीस वेळा. एक, शून्य.

रात्री भिंग घेऊन बसलो. एकाचं जे मधलं टिंब असतं ते बुजवलेलं आहे. बुजवण आता पिवळी पडली आहे, म्हणून कळते. दोन्ही बाजूंना तीन तीन नवी टिंबं कर्कटकाच्या टोकानं कोरून काळ्या शाईनं भरली आहेत. सहातलं खालचं डावं टिंब घसरलंय. बुजवायला काय वापरलं ते कळेना. सकाळी चितार ओळीत बंडूभाऊकडे गेलो. गणपती चार दिवसांवर, माणसाला श्वास घ्यायला फुरसत नाही, चाळीस मूर्ती नुसत्या डोळ्यांसाठी थांबलेल्या. (डोळे सगळ्यात शेवटी, हे त्याचं शास्त्र. ओजस शिपायाचे डोळे आधी काढतो, म्हणजे चुकलं तर चेहरा पुन्हा रंगवता येतो. यावर दोघांचं मागच्या महिन्यात कडाक्याचं वाजलं.) बंडूभाऊनं फासा उजेडात धरला, नखानं टोकरला. म्हणाला, शाडू नाही, प्लास्टर नाही, एमसील तर नाहीच नाही. मग भला मोठा आ वासून मला आपली दाढ दाखवली. "हे पाय. हेच हाय."

दाताचं सिमेंट.

आपल्या टोळीत दंतवैद्याचा पोरगा एकच होता, भैताडा.

आता नीट आठवू या. मे 1996. दहावीची सुट्टी. माउलींच्या समाधीला सातशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी जिकडेतिकडे कार्यक्रम, आणि पाध्ये सरांनी शेवटच्या तासाला सांगितलेली गोष्ट, की त्याच 1296 साली कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी दिल्लीच्या सुलतान काकाला न विचारता स्वार घेऊन निघाला, आपल्या अचलपुरात दोन दिवस थांबला, लासूरचा घाट चढून देवगिरीवर गेला. रामदेवरावाचा मुलगा शंकरदेव फौज घेऊन बाहेर. रामदेवराव गडावर. आणि धान्याची म्हणून वर नेलेली पोती उघडली तर मीठ. सर खडू ठेवून म्हणाले होते, "मीठ नसतं तर?" आणि घंटा झाली. त्या घंटेनं आपलं वाटोळं केलं.

मीठ नसतं तर! गड टिकला असता, शंकरदेव पोचला असता, अलाउद्दीनला ते सोनं मिळालं नसतं. सोनं नाही तर दिल्लीचे सरदार फोडता आले नसते, काकाला मारून तख्त घेता आलं नसतं. परतायला तोंड नाही म्हणून तो अचलपुरातच गादी मांडून बसला, ही कल्पना तुझी. तोवर मी तुला मठ्ठ समजत होतो. नियमही तेव्हाच ठरले. पहिला, माउलींच्या आयुष्याला हात लावायचा नाही. दुसरा, अचलपूरची फौज रिद्धपूरच्या वाटेला जाणार नाही, कारण विन्याचं आजोळ. तिसरा, पटावर जे झालं ते झालं, वहीत लिहिलं की बदल नाही. आणि चौथा, कोठाराचा. प्रत्येक वेढ्यात एकदाच फासा. एक पडला तर पोत्यांत मीठ, गड तिसऱ्या दिवशी पडला. दोन ते पाच, धान्य. सहा पडला तर त्याच दिवशी शंकरदेव हजर.

पहिल्या डावात एक पडला होता. आठवतं? बंड्याच्या लुडोतला लाल फासा. मी पट उलटवला, हत्तीची सोंड तोडली आणि जिन्यात जाऊन बसलो. रडलो नव्हतो असं मी आजपर्यंत सांगत आलो. रडलो होतो. आठ दिवसांनी तू हा करंडा घेऊन आलास. "आजीचा फासा. काशीचा. कोठाराशिवाय वापरायचा नाही, आजीनं शपथ घातलीय. आणि मागचा डाव सराव होता." मी लगेच मानलं. तुझी आजी, जी पत्त्याच्या कॅटला शिवली तरी हात धुवायची, तिनं काशीहून फासा आणला, हे मी पंधरा वर्षांचा घोडा विश्वासानं ऐकून घेतलं!

आता हसतोस ना? मला माहीत होतं. मी चार दिवस हसलो नाही.

कारण बघ. 1996 ते 2011, नऊ वेढे. नऊदा कोठाराचं दान, एकदाही मीठ नाही. चारदा सहा. त्या चार सहांवर मी बखरीत काय काय लिहून ठेवलंय! तीन दोनशेपानी वह्या आहेत. काल वाचल्या. 'शंकरदेव वायुवेगें पातला.' 'यादवांचे पुण्य थोर.' पुण्य कसलं, तुझं कर्कटक. खऱ्या इतिहासात 1307 च्या मोहिमेत मलिक काफूर येतो, रामदेवरावाला दिल्लीला नेतो. शंकरदेव 1313 च्या सुमारास मारला जातो. 1318 ला रामदेवरावाच्या जावयाचं, हरपालदेवाचं जे केलं ते मी कोणाला सांगतही नाही. आपल्या वहीत हरपालदेव म्हातारा होऊन पैठणला नातवंडं खेळवतो आहे. त्या नातवंडांची नावं मी ठेवली आहेत. आता मी त्या म्हाताऱ्याला काय सांगू?

आणि नुसतं वहीचं असतं तर मी शाई सांडली म्हणून मोकळा झालो असतो. तुला सातवा वेढा आठवतो का, 2003 चा? मी विसरायला फार झटलो आहे. दसऱ्यानंतरचा रविवार, गच्चीवर पिंगपाँगचं टेबल. तू मैदानात मला चोळामोळा केलं होतंस. तुझे धनुर्धारी स्वार डावीकडून असे गोल फिरवलेस की माझे दोन्ही हत्ती वळून माझ्याच पायदळावर गेले. मंजनीकानं तटाला खिंडार पडलेलं. राहिलं होतं ते तुझं घोडदळ खंदकापर्यंत पोचणं, बारा इंच. मी टेप लावला आणि म्हटलं, पाव इंच कमी. तू म्हणालास, घोड्याच्या पायापासून मोज. मी म्हणालो, पायापासून नाही, पायाखालच्या पुठ्ठ्याच्या कडेपासून. अर्धा तास. बंड्या कंटाळून तर्री पोहे आणायला गेला. शेवटी तू टेप गुंडाळलास, म्हणालास, घे, पाव इंच तुझा. मग करंडा उघडलास आणि कोठाराचं दान स्वतःच टाकलंस. सहा. शंकरदेव.

त्यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "नशीब लागतं, लेका. दंतवैद्याच्या पोरानं दात काढावेत, गड काढू नयेत." तू एकेक स्वार वर्तमानपत्रात गुंडाळत होतास. वर बघितलं नाहीस. नंतर आठ महिने आपण बोललो नाही. मला वाटत होतं तू पाव इंचासाठी रुसलास.

तू मैदानात जीव तोडून लढायचास. रात्र रात्र जागून फौजेची मांडणी करायचास, मला माहीत आहे, तुझ्या केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये मागच्या पानावर लासूरचा घाट काढलेला मी पाहिलाय. आणि मग तोच तू करंडा उघडून, ज्यावर तुला हवं ते दान नाहीच असा फासा स्वतःच्या हातानं टाकायचास. पंधरा वर्षं. का रे?

मी चार कारणं शोधली. एक, तुला माझी दया आली. हे खरं असेल तर तू सांगू नकोस, मला चालणार नाही. दोन, गड पडला असता तर खेळ संपला असता, आणि तुला घरी जाऊन बारावीचा अभ्यास करावा लागला असता. हे मला बरंच पटतं. तीन, मी पुन्हा पट उलटवला असता तर तुझी सोंड तुटली असती. चार, तुलाही देवगिरी पडायला नको होती. तू अचलपूरचा सुलतान असूनही. चौथं कारण पहाटे साडेतीनला सुचलं, आणि मग झोप लागली नाही.

ओजसचं म्हणणं वेगळंच. त्यानं हिशेब केला. साध्या, सरळ फाशावर नऊदा टाकून एकदाही एक न पडण्याची शक्यता शेकडा 19. "म्हणजे मामा, शंभरातल्या एकोणीस जगांत देवगिरी तशीच वाचली असती." माझं समाधान करत होता. मी विचारलं, आणि उरलेल्या एक्क्याऐंशीत? तो गप्प. मग म्हणाला, "मीठ."

विन्याला सांगितलं नाही. तो काकतीयांची फौज घेऊन लग्नात विरघळला तेव्हापासून त्याचा या खेळाशी संबंध फक्त चेष्टेपुरता. बंड्याला सांगितलं तर तो म्हणेल, मला कधीपासूनच शंका होती, आणि ते मला सहन होणार नाही, कारण बंड्याला कशाचीच शंका कधी आलेली नाही. राहिलास तू. गंमत बघ, ज्यानं चोरी केली तोच एक सापडला सांगायला. आणि चोरी तरी कसली म्हणायची? चोरानं स्वतःच्या घरातून नेऊन माझ्या घरात ठेवलं.

हां, 1299 चं भांडण मात्र मी अजून सोडलेलं नाही. अलाउद्दीन दिल्लीत नाही म्हटल्यावर कुतलुघ ख्वाजाचे मंगोल दिल्ली घेणार, हे तुझं म्हणणं. मी म्हणत होतो, दिल्ली आपल्या टेबलावर येत नाही, टेबल सहा बाय चार आहे. आज कबूल करतो, तुझं बरोबर होतं. खऱ्या इतिहासात दिल्लीजवळच्या किलीला त्यांना अडवलं ते अलाउद्दीननंच, त्याचा सरदार जफरखान तिथेच पडला. अलाउद्दीन नसता तर कोणी अडवलं असतं? मी हे तेव्हाच मान्य केलं असतं, पण तू ते पुणेरी थाटात सांगितलंस, पुण्याला जायच्या आधीच.

तुझं कसं चाललंय? वहिनींची बदली टळली का? ईशाला गणितात खरंच पैकीच्या पैकी, की तू फेकतोस? काकांची तब्येत आता बरी असेल. सीताबर्डीच्या दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय, फलकामागे काकांच्या नावातला 'डॉ.' अजून दिसतो. त्यांना यातलं काही सांगू नकोस. की त्यांना आधीच माहीत आहे?

ओजसला दिवाळीत दहावा वेढा खेळायचाय. रेझिनची अख्खी फौज छापून ठेवलीय, नवे फासे मागवलेत, पारदर्शक, सहाही बाजू एकदम दिसणारे. माझ्यावर विश्वास नाही म्हणाला. तो अचलपूर घेणार होता. मी म्हटलं, थांब, अचलपूरचा सुलतान जिवंत आहे, पुण्यात आहे, आधी त्याला विचारायला हवं. तर तू ये. फौज कोणतीही घे. पाव इंच मी मोजणार नाही.

वहीत मी अजून काही लिहिलेलं नाही. नियम तीन तुलाही माहीत आहे, बदल नाही. पण नव्या पानावर तारीख घालून ठेवली आहे आणि त्याखाली एक प्रश्न लिहिलाय, तोच इथे उतरवतो. ते सिमेंट काचेवर कालवावं लागतं, आणि भराभर वापरावं लागतं, नाही तर घट्ट होतं, हे मला बंडूभाऊनं सांगितलं. म्हणजे तू दवाखान्यात, काकांच्या समोरच बसून ते केलं असणार. तेव्हा काकांनी विचारलं असेलच, काय करतोस रे. त्यांना तू काय सांगितलंस?

तुझा,
मुक्या

ता. क. खालचं डावं टिंब खरंच फार वाकडं आहे. चित्रकलेत तुला काठावर पास केलं होतं ते बरोबर होतं.

आणखी एक. चिऊ सोंडेचा नंदी घेऊन आत्ताच तान्ह्या पोळ्याला गेली. सोंड काढू का म्हणून विचारलं तर म्हणाली, राहू दे, युद्ध झालं तर?